दाराशी बोर्ड, पलंगाखाली बॅटरी

१ ऑगस्ट २००४, रविवार

आज गाडी आली. गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. शाळेने टाकून दिली आणि ह्यांनी डोक्यावर घेतली. रंग उडालाय, मागच्या बाकावर कुणीतरी कर्कटकाने 'पाटकर सर मारतात' असं कोरून ठेवलंय, आणि ह्यांचा चेहरा पाहावा तर नवीन विमान घेतल्यासारखा.

जन्मभर एसटी चालवली. पाठ धरते म्हणून मुदतीच्या आधीच घरी बसले, तेव्हा मला वाटलं आता निवांत राहतील. तर म्हणे, "इतकं फिरलो, पण काचेतून नुसता रस्ताच बघितला गं. मागे माणसं खोळंबलेली. थांबावंसं वाटलं तिथे कधी थांबता आलं नाही." म्हणून आता हे चाकांवरचं घर. त्यात पलंग, शेगडी, पंखा, दिवे. टपावर सोलर पॅनेल, म्हणजे कुठल्याही डोंगरात दिवा लागेल. पहिली फेरी हरसूलच्या बाजूला, आणि तीही ह्याच हिवाळ्यात. पुढच्या हिवाळ्यात का नाही, असं विचारलं तर टपाची लांबी मोजायला निघून गेले.

मला सातपूरच्या आमच्या रो-हाउसमध्ये पक्कं छत, पक्का नळ आणि पक्का संडास आहे. त्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही.

कॉलनीत जागा नाही म्हणून बस मखमलाबादला माझ्या मोठ्या भावाच्या, कोंडाजीदादाच्या मळ्यात उभी केली. गेटमधून आत घेताना डावी बाजू खरवडली. "गेटच अरुंद आहे," हे म्हणाले. दादा म्हणाला, "दाजी, फुलांचा ट्रक जातो की इथून. लय रुंद हाय." मला दादाचा रागच आला. जन्मभर घाटात स्टिअरिंग धरलेल्या माणसाला हा गेट शिकवणार!

८ ऑगस्ट

हे कुणा ओळखीच्या वायरमनला बोलावणार होते. मी म्हटलं, खबरदार. निम्मं आयुष्य मी अंबडच्या कारखान्यात एमसीबी तपासण्यात घालवलं. घराच्या बोर्डावर जास्त भार आला की जे बटण खट्‌कन खाली पडतं, ते. माझ्या टेबलावरून किती गेले असतील ते कारखान्यालाच ठाऊक. आणि माझ्या घराचं वायरिंग दुसरा कोणी करणार?

"म्हणजे तू येणार तर!" हे एकदम खुलले.

"येणार असं कुठे म्हटलं? पण तुम्ही त्यात जळून गेलात तर निस्तरायचं मलाच आहे."

खरं सांगायचं तर भीती वाटते. पक्क्या घराला आग लागली तर माणूस बाहेर पळतो. इथे घर म्हणजे पत्र्याचा डबा, दार एक, शेजारी गॅस, आणि बॅटरी थेट पलंगाखाली. त्यात मी डोळे मिटून झोपायचं? वायरिंगची मला खात्री पटल्याशिवाय मी त्या पलंगावर पाठ टेकणार नाही, हे मी ह्यांना स्वच्छ सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते.

२२ ऑगस्ट

झालं एकदाचं. टपावर पॅनेल. तिथून तारा आत एका डबीत येतात, तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. बॅटरी भरली की ती डबी पॅनेलला "आता पुरे" म्हणते. बॅटरी मागे पलंगाखाली. बॅटरीपासून तार खिडकीखालून पुढे दारापर्यंत, आणि दाराशी माझा बोर्ड. आत शिरलं की डाव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर, सगळ्या घरांत असतो तसा. वर गणपतीची तसबीर. बोर्डात आमच्या कारखान्याचे एमसीबी. सुलावहिनी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "वन्सं, आमच्या घरात नाय इतकं टापटीप हाय हे."

मी फार खूश होते. तेवढ्यात हे म्हणाले, "उजेड मंद वाटतो नाही? आणि दिव्याभोवती असं रंगीत कडं कशाला पडतंय?"

बल्ब हलका असणार. उद्या बदलते.

२९ ऑगस्ट

बल्ब दोनदा बदलला. ह्यांचं एकच, उजेड मंद. मग मला वाटलं, बारा व्होल्टचं काम, तार बारीक पडली असेल तर लांबच्या दिव्यापर्यंत पोचेतो वीज दमते. म्हणून सगळी तार काढून जाड घातली. दोन दिवस गुडघ्यांवर. मग दिव्यापाशी मीटर लावला. बॅटरीपाशी जितके व्होल्ट, जवळजवळ तितकेच दिव्यापाशी.

"आता?"

"आता ठीक आहे," हे म्हणाले, पण समजूत घातल्यासारखं म्हणाले.

मीटर खोटं बोलत नाही. मग हे का बोलतात? मुद्दाम मला खोडून काढायचं, दुसरं काय. रिकामा माणूस दुसऱ्याच्या कामात खोट काढतो. सासऱ्यांना, आबांना, अशी सवय नव्हती. काचबिंदूने डोळे गेल्यावर ओट्यावर बसून आवाजावरून एसट्या ओळखायचे बिचारे, पण कधी कुणाच्या कामाला नाव ठेवलं नाही. आणि हे? पेपरसुद्धा बंद केलाय. बातम्याच काही नसतात म्हणे.

५ सप्टेंबर

कडाक्याचं भांडण. मी देवळ्याला मावसबहिणीच्या घरी गेले होते. माझ्यामागे ह्यांनी बॅटरी पुसायला काढली आणि परत लावताना लाल तार काळ्याच्या जागी आणि काळी लालच्या जागी लावली. कंट्रोलरचा फ्यूज उडाला. नशीब, तेवढ्यावर निभावलं. उडालेला फ्यूज बदलावा ना? नाही. ह्यांनी त्यावर तांब्याची तार बांधली, आणि तीही दुहेरी.

"दुहेरी कशाला?"

"पुन्हा उडायला नको म्हणून."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, उडणं हेच त्याचं काम आहे! आपल्याकडे घरोघरी हेच. फ्यूज गेला की जाड तार बांधायची आणि वर सांगायचं, बघ, आता कसा टिकतो. टिकतो, आणि घर जातं.

मग मी विचारलं, लाल आणि काळं कळलं नाही का तुम्हाला? तर म्हणाले, "पलंगाखाली अंधार होता." भर दुपारी, दोन्ही खिडक्या उघड्या.

आज मी ह्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

१९ सप्टेंबर

काल गणपती बसले. आज मळ्यातल्या रस्त्याने गाडी थोडी फिरवून बघू म्हणून निघालो. मी मागे पलंगावर बसले होते, सामान किती हलतं ते बघायला. पाटाच्या चरावरून गाडी उडाली आणि जळका वास आला. पलंगाखालून धूर.

ओरडले. हे थांबले. मी वाकून बॅटरीची तार फडक्याने धरून ओढून काढली. हाताला चटका बसला, पण धूर थांबला. खिडकीखालून जाणारी तार पलंगाच्या लोखंडी अँगलवर घासून सोलली होती आणि पत्र्याला चिकटली होती. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला जोडलेला, त्यामुळे तार विस्तवासारखी तापली. वरचं रबर वितळून लोंबत होतं.

आणि दाराशी माझा बोर्ड! एमसीबी जसेच्या तसे वर. एकही पडला नाही. पडणार कसा? गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

तासभर मी गवतात बसून राहिले. मग डोक्यात प्रकाश पडला. घरात बोर्ड दाराशी असतो, कारण वीज बाहेरच्या खांबावरून येते. खांबापासून दारापर्यंतच्या तारेची काळजी वीज मंडळाला. इथे खांबच घरात आहे. मंडळ आमच्या पलंगाखाली बसलंय आणि मी पहारेकरी दाराशी उभा केला. चोर घरात जन्मला तर दाराशी उभं राहून काय उपयोग?

हे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "सोडून देऊ का सगळं?" आवाज असा होता की मला भांडताही येईना.

"सोडायचं कशाला? चुकलं ते कळलंय ना आता," मी म्हटलं. मी असं का म्हटलं कुणास ठाऊक. सोडून द्यायची इतकी चांगली संधी पुन्हा यायची नाही.

३ ऑक्टोबर

नवी तार घातली, प्लॅस्टिकच्या नळीतून. अँगलच्या कडांना रबर बसवलं. आणि बॅटरीच्या लाल टोकापासून वीतभर अंतरावर मोठा फ्यूज. आता बॅटरीतून बाहेर पडणारी वीज आधी त्या फ्यूजला नमस्कार करून पुढे जाणार. दाराशी बोर्ड आहेच.

"एवढ्या जवळ कशाला? सगळा दरारा तिथेच," हे हसले.

"दरारा जिथे लागतो तिथेच ठेवलाय."

संध्याकाळी ह्यांनी विचित्र विषय काढला. मी गाडी चालवायला शिकावं म्हणे. ह्या वयात! "तुम्ही कशाला आहात मग?" मी म्हटलं. तर हातातल्या कपाकडे बघत राहिले. हल्ली संध्याकाळनंतर गाडीला हातही लावत नाहीत. पाठ जास्तच धरत असणार. काढा करून दिला, मुकाट्याने प्यायले. काढ्याला तोंड वाकडं न करणारा हा माणूस कोण, असं वाटलं.

२२ ऑक्टोबर, दसरा

आज लिहिल्याशिवाय जमणार नाही.

सकाळी मळ्यात गेलो, गाडीची पूजा करायला. झेंडू म्हणजे दादाकडे डोंगर. सुलावहिनींनी आमच्यासाठी मोठी माळ आधीच ओवून ठेवली होती. मी गाडीत गेले. यंत्राला हळदकुंकू आतूनच लावायचं, झाकणाला कसलं लावायचं, म्हणून मी बोर्डाचं झाकण काढलं. सगळे एमसीबी खाली पाडले. माझ्या मते बंद. बंद कसलं? बॅटरीकडून येणारी तार तर बोर्डाच्या तोंडापर्यंत जिवंतच होती. एवढं आयुष्य त्याच कामात घालवून मला ते सुचलं नाही. सणाच्या दिवशी डोकं देवाकडे असतं.

कुंकवाची वाटी आणायला मी बाहेर आले. हे माळ घेऊन आत गेले. मी म्हटलंसुद्धा, "थांबा, मी आले." तसबिरीच्या खिळ्याला माळ अडकवायला गेले आणि माळ घसरून बोर्डावर पडली.

फट्‌! एक निळी ठिणगी. ह्यांची हाक. मी धावले.

बघते तर झेंडूच्या मधून तार लाल होऊन काळी पडलेली. वहिनींनी माळ दोऱ्यात नाही, बाइंडिंगच्या उघड्या तारेत ओवली होती. त्या बाहेरून रडत होत्या, "वन्सं, ट्रकच्या माळा आमी तारेतच ओवतो वो. वाटेत तुटाया नको म्हून. मला काय म्हाईत!" ह्यांच्या दोन बोटांना पोळलं होतं. बाकी काही नाही. ना धूर, ना जाळ. पलंगाखाली वाकून बघितलं. बॅटरीजवळचा फ्यूज उडाला होता. आपलं काम करून गप्प पडला होता. तो तिथे नसता तर आज त्या बंद डब्यात हे होते, आणि लांबलचक तार पेटली असती. मी त्या जळक्या फ्यूजला हळदकुंकू लावलं. वेडेपणा वाटेल, पण लावलं.

मग मी ह्यांच्यावर तुटून पडले. "उघड्या बोर्डावर तारेची माळ धरलीत? डोळे आहेत की काय आहेत?"

हे माझ्याकडे बघत होते. खरं म्हणजे माझ्या थोडं डावीकडे बघत होते. म्हणाले, "झाकण उघडं होतं?"

झाकण हातभर लांब, पांढरं स्वच्छ, त्यांच्या पायाशी पडलेलं होतं.

मी खाली बसले. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. गेट. पेपर. लाल आणि काळी तार. दिव्याभोवतीचं कडं. आणि मी बल्ब बदलत बसले!

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष होऊन गेलं. समोरच्या गाडीचे दिवे आले की सगळं पांढरं व्हायचं. एकदा वणीच्या रस्त्याला बैलगाडी अगदी जवळ आल्यावर दिसली. त्याच आठवड्यात राजीनामा दिला. पाठीचं खोटं होतं." मग म्हणाले, "आबांचं असंच सुरू झालं होतं, साधना. मला ठाऊक आहे पुढे काय होतं ते. जाण्याआधी तुला घेऊन थोडं बघावं म्हटलं."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांनी हो म्हटलं असतं तर?"

दादा बाहेर आपट्याची पानं घेऊन उभा होता. त्याला आत यावं की नाही कळेना. मला खूप रडू आलं आणि रागही आला. वर्षभर एका घरात राहून मी मीटरवर विश्वास ठेवला आणि नवऱ्यावर नाही.

२४ ऑक्टोबर

उद्या गंगापूर रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे जायचं. हे यायला तयार नव्हते. मी म्हटलं, मग मी गाडीत पाऊल ठेवणार नाही, तुम्ही आणि तुमचा हिवाळा. तेव्हा हो म्हणाले.

दिवसभर मी काचबिंदूचाच विचार करतेय. सासरे चमच्याने ताट चाचपायचे ते आठवतंय. देवा, ह्यांना तसं नको. त्यांना हवं तर रोज माझ्या वायरिंगला नावं ठेवू दे.

२५ ऑक्टोबर

काचबिंदू नाही! नाही! नाही!

डॉक्टर बाईंनी एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांचा दाब मोजला, औषध घालून बाहुल्या मोठ्या करून आत पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी म्हणाल्या, "दाब चांगला आहे. मागची शीर चांगली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तोही चांगला पिकलाय. काढून टाकू, लेन्स घालू. इतके दिवस काय करत होतात?"

हे खुर्चीत पुढे सरकले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे वडिलांचं ते नाही?"

"ते नाही. घरात होतं म्हणून दर वर्षी दाखवत जा, बस."

मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले. बाईंनी मला पाणी दिलं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवायला म्हणून हात पुढे केला आणि तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ ते खुर्चीलाच थोपटत होते. मग मला रडता रडता इतकं हसू आलं की बाहेरचे पेशंट डोकावले.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "उगाच घाबरलो गं." मी म्हटलं, "उगाच नाही. पण एकट्याने घाबरलात, ते चुकलं." छाती इतकी हलकी झालीय की आज भाजीत मीठ दोनदा पडलं आणि दोघांनीही ती आवडीने खाल्ली.

६ नोव्हेंबर

उजव्या डोळ्याची पट्टी काढली. घरी आल्यावर आधी गच्चीवर गेले आणि पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बघत उभे राहिले. मग खाली येऊन स्वयंपाकघरात सांगितलं, "भिंतीला रंग द्यायला हवा. किती कळकट झालीय." एका तासात तीन खोल्यांतली घाण दाखवली. डॉक्टर बाईंना सांगून एक डोळा तसाच ठेवता आला असता.

१९ डिसेंबर

दुसरा डोळाही झाला. मळ्यात जाऊन ह्यांनी स्वतः बोर्ड उघडून सगळं वायरिंग बघितलं. लाल कुठे, काळी कुठे, फ्यूज कुठे, एकेका तारेवर बोट ठेवून. मी शेजारी उभी. परीक्षेला बसल्यासारखी.

"साधना, मी हे पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "किती सुबक केलंयस गं."

"आणि उजेड?"

"भगभगीत आहे. थोडा कमी करता येईल का?"

१६ जानेवारी २००५, रविवार

हरसूलच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत, एका शेताच्या बांधावर बसून लिहितेय. शेतमालकाला विचारलं, तर त्याने जागा दिली आणि वालाच्या शेंगाही दिल्या. दुपारचं ऊन पॅनेलवर आहे, आत पंखा फिरतोय, कंट्रोलरचा हिरवा दिवा लागलाय. जेवून मी पलंगावर आडवी झाले ती दोन तास गाढ झोपले. खाली बॅटरी आहे हे आठवलंसुद्धा नाही.

डॉक्टर बाईंनी गाडी चालवायला मोकळीक दिल्यापासून ह्यांना नुसतं उधाण आलंय. सकाळी गिरणारे सोडलं आणि वाचन सुरू. रस्त्याकडेच्या एकूण एक पाट्या मोठ्याने. "हरसूल." "पुढे धोक्याचे वळण." "येथे गूळ मिळेल." "ग्रामपंचायत आपले स्वागत करीत आहे." भिंतीवरच्या सिमेंटच्या जाहिराती, ट्रकच्या मागचे शेर, दगडावर चुन्याने लिहिलेली कुणाकुणाची नावं. इतर वेळी मी कधीच गप्प केलं असतं. आज ऐकत राहिले. त्यांना थांबावंसं वाटलं तिथे थांबलो. एकदा तर नुसतं एक पळसाचं झाड बघायला थांबलो. त्याला फुलंही नव्हती. हे म्हणाले, पानांच्या शिरा बघ. म्हटलं, बघते.

मघाशी बांधावर चहा पिताना समोरच्या टेकडीकडे बोट दाखवून म्हणाले, "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. निळी पाटी, पांढरी अक्षरं."

मी बघितलं. टेकडी दिसली, झाडं दिसली.

"कुठे आहे पाटी?"

"ती काय, कौलांच्या वर. खाली वर्षही लिहिलंय स्थापनेचं."

मी डोळे बारीक केले. कौलंसुद्धा झाडांसारखीच दिसत होती.

हे माझ्याकडे वळून बघायला लागले. अगदी नीट, माझ्या डावीकडे वगैरे नाही, माझ्या डोळ्यांतच. "साधना, परत गेलो की त्या डॉक्टर बाईंकडे तुलाही दाखवून आणतो."

"मला काय धाड भरलीय? मी चांगली आहे," मी म्हटलं. "त्या पाटीचाच रंग उडाला असेल."